डबीभर काळा रंग

“या डबीत काय आहे, काका?” स्मारकाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिशवीत हात घालून विचारलं.

“रंग.”

“कशाला?”

“नाव लिहायचंय,” कास्तोलान म्हणाला.

पहारेकऱ्याने आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग मागच्या पांढऱ्याशुभ्र मनोऱ्याकडे. खेड्यापाड्यातून येणारे लोक दिसेल त्या भिंतीवर नाव गिरवून जातात हे त्याला नवं नव्हतं. पण इतकी तयारी करून आलेला हा पहिलाच. डबी त्याने टेबलावर ठेवून घेतली आणि जाताना न्यायला सांगितलं. कास्तोलानने वाद घातला नाही. उलट त्याला जरा हलकंच वाटलं. डबी जवळ नसेल तेवढा वेळ तरी तिच्या कामाचा विचार नको होता.

काम एवढंच होतं, मुलाच्या कबरीवरच्या पाटीवर नाव नव्याने रंगवायचं. रमझान चार दिवसांवर आला होता. त्याआधी सगळेच आपापल्या माणसांच्या कबरी झाडतात, गवत उपटतात, फुलं वाहतात. सैखूला जाऊन पाच वर्षं झाली, पण त्याच्या कबरीवर घरचं कुणी फिरकलं नव्हतं. आईचे, मुन्तामाचे, गुडघे कामातून गेलेले. बापाचं कारण वेगळं होतं. या वर्षी मात्र मुन्तामाने त्याचं काही ऐकून घेतलं नाही. तिनेच पिशवीत डबी, कुंचला, केळीच्या पानात बांधलेला भात आणि परसातल्या गुलाबाच्या पाकळ्या भरल्या. मग मोबाईलमधला फोटो नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धरला. तो सैखूच्या धंद्यातल्या भागीदाराने दफनाच्या दिवशी पाठवला होता. ओल्या मातीवर पांढरी लाकडी पाटी, तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत ‘सैखू, मुलगा’ एवढंच, आणि पुढे मोकळी जागा. बापाचं नाव भागीदाराला माहीत नव्हतं. सैखूने ते कधी सांगितलंच नव्हतं.

“तुमचं नाव घाला तिथे,” मुन्तामा म्हणाली होती. “बेवारशासारखं झोपलंय माझं पोर.”

कास्तोलान आयुष्यभर कापडावर मासे काढत आला होता. जावा बेटावर संध्याकाळी फुटपाथांवर तळलेल्या मांगूर माशांच्या टपऱ्या लागतात. त्यांच्यापुढे टांगायची लांबलचक कापडं लामोंगानकडच्या ज्या मोजक्या गावांत रंगवली जातात, त्यांतलं त्याचं एक. त्याच्या मांगुराच्या मिशा लांबून ओळखू यायच्या. सैखूनेही जकार्तात टपरी टाकली ती बापाच्या हातचं कापड टांगूनच. आणि एक दिवस त्याने ते उतरवून छापील फ्लेक्स लावला, वर हौसेने फोटो पाठवला. लांबून कसा झगझगीत दिसतो, बघा म्हणाला. कास्तोलानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो फ्लेक्स उतरवत नाहीस तोवर मला बाप म्हणू नकोस, असं तो फोनवर बोलून बसला. पोरगाही त्याच्यासारखाच हट्टी निघाला. आठ महिने त्याने बाप म्हटलं नाही. मग चार दिवसांच्या तापात गेला. पहाटे फोन आला, दुपारच्या आत माती झाली. पोचणं शक्यच नव्हतं, असं कास्तोलान लोकांना सांगायचा, आणि ते खरंही होतं. पण गाडी दुसऱ्या दिवशीही होती, तिसऱ्या दिवशीही होती.

तसा तो फिरस्ता माणूस. मशिदीच्या ओसरीत पाठ टेकायची, घरचं बांधून आणलेलं खायचं, आणि चार पैशांत गाव पालथं घालायचं, असं करून त्याने अख्खं जावा बेट पाहिलं होतं. फक्त हेच शहर, जकार्ता, राहिलं होतं. सगळ्यांत स्वस्त डब्यातून ताठ बसून तो सकाळी उतरला. परतीची गाडी संध्याकाळी साडेसहाची. स्टेशनावर कब्रस्तानाची बस समोर उभी होती. आलोच आहोत तर आधी शहर बघू, असं मनाशी म्हणून तो दुसऱ्या बसमध्ये चढला.

मनोऱ्याला त्याने दोन फेऱ्या मारल्या. वर जायचं तिकीट काढलं नाही. डबी परत घेतली. थांब्याच्या बाहेर न पडता आतल्या आत बस बदलली तर नवं तिकीट लागत नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मग काय, तो बसमागून बस बदलत राहिला. वस्त्यांची नावं त्याला पाठ होती, कारण ती सगळी त्याने कापडांवर लिहिली होती. अक्षरांच्या मागे एवढे पूल आणि एवढी माणसं असतील असं त्याला वाटलं नव्हतं. जुन्या चौकात त्याने सायकलवरून मिरवणारी पोरं पाहिली. बंदरावर लाकडी जहाजांच्या नाकांवरची नावं वाचली आणि अक्षर बसवता येत नाही लेकाच्यांना, म्हणून नाक मुरडलं. तिथेच जहाजांचे दोर बांधायच्या एका लोखंडी खुंटावर बसून त्याने भात खाल्ला. पाकळ्या उन्हाने काळ्या पडायला लागल्या होत्या.

तेवढ्यात मुन्तामाचा फोन आला. पोचलात का, तिने विचारलं. जवळच आहे, तो म्हणाला. झाड आहे का शेजारी, तिने विचारलं. बघून सांगतो, म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. आणि तरीही त्यानंतर आणखी दोन बसगाड्या बदलल्या.

तीनच्या सुमाराला टपऱ्या लागायला सुरुवात झाली. खिडकीतून तो बघत होता. सगळीकडे फ्लेक्स. एकाच वळणावर कापड दिसलं, ऊन खाऊन विटलेलं, पण मिशा त्याच्याच हातच्या. पुढच्या थांब्यावर तो उतरला, चालत मागे गेला आणि कापडासमोर उभा राहिला. टपरीवाल्याने काय हवं विचारलं. काही नाही, नुसतं बघतोय, असं त्याने सांगितलं. टपरीवाला म्हणाला, बघून घ्या, पुढच्या महिन्यात बदलतोय. कास्तोलानला राग यायला हवा होता. तो आला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण पोराला तोडलं, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि तो कब्रस्तानाची बस शोधायला लागला.

फाटकावर फुलवाल्या बायकांची गर्दी होती. राखणदार नासान लवंगेची सिगरेट ओढत त्याच्यापुढे चालत होता आणि कास्तोलानने दिलेल्या चिठ्ठीवरच्या कबरीच्या आकड्याप्रमाणे ओळी मोजत होता. अडुसष्टाव्या ओळीत बाराव्या जागेपाशी तो थांबला आणि त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. तिथे कापलेली हिरवळ होती, संगमरवराची पाटी होती, पाटीवर ‘हाजी सानूसी’ असं नाव होतं, आणि शेजारी पन्नाशीची एक बाई चटईवर बसून पाकळ्या पसरत होती.

“चुकलात तुम्ही,” कास्तोलान म्हणाला. “ही नाही.”

“हीच आहे,” नासान म्हणाला. “कागद कधी केला होता शेवटचा?”

“कसला कागद?”

नासानने मग सांगितलं. जागा तीन वर्षांची असते. मुदत सरली की कचेरीत येऊन नवा कागद करायचा. नाही केला तर वर दुसरं माणूस ठेवतात. शहरात मेलेल्यांनाही जागा पुरत नाही. पाटीला लाल कार्ड वर्षभर बांधून ठेवलं होतं. कुणी आलं नाही.

कास्तोलान ऐकत राहिला. त्याच्या गावात मेलेल्या माणसाकडे कुणी कागद मागत नाही. त्याचा पणजोबा अजून चाफ्याखाली होता तिथेच होता. कबर एकदा दिली ती दिली, असंच तो धरून चालला होता. आज ना उद्या जाऊ, पोरगा कुठे पळून जातोय, असंही कधीतरी मनात आलं होतं.

“आणि पाटी?”

“कुजली असेल. शेडमागे टाकतो आम्ही.”

तो शेडमागे जाऊन आला. पाट्यांचा ढीग होता. दहा-बारा उलटून पाहिल्या, अक्षरं पावसाने धुऊन नेली होती. परत आला तेव्हा चटईवरच्या बाईने त्याच्यासाठी थोडं सरकून जागा केली. तिचं नाव रोगाया.

“तुम्ही खालच्या भाऊंचे का?” तिने विचारलं.

त्याला कळलं नाही.

“बाबांच्या खाली कुणीतरी आहे, हे आम्हाला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “बाबांना एकटं झोपायची भीती वाटायची. म्हातारपणी दिवा चालू ठेवून झोपायचे. खाली कुणी आहे म्हटल्यावर, खरं सांगू का, बरंच वाटलं आम्हाला. बाबांची दुआ झाली की खालच्या भाऊंचीही करतो. नाव तेवढं माहीत नव्हतं.”

“सैखू.”

“कुणाचा मुलगा? दुआत बापाचं नाव लागतं.”

नासान दुसरीकडे बघत होता. रोगाया हातातली दुआंची पुस्तिका उघडी धरून थांबली होती.

“माझा,” तो म्हणाला. मग त्याने नाव सांगितलं.

दुआ झाली. काळवंडलेल्या पाकळ्या त्याने पायथ्याशी वाहिल्या आणि डबी बाहेर काढली. एका जागेवर दोन नावं चालत नाहीत, नासान म्हणाला. रोगायाने बाबांच्या पायाशी टेकवलेली वीट उचलली, ओढणीच्या टोकाने पुसली आणि कास्तोलानपुढे ठेवली. विटेवर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, ती नासानला म्हणाली. नासानने खांदे उडवले. गवत कापायचं यंत्र आलं की वीट कुठे जाईल ते मला विचारू नका, एवढं सांगून तो पुढच्या माणसांकडे गेला.

पन्नास वर्षांत अक्षरांना लागणाऱ्या जागेचा कास्तोलानचा अंदाज कधी चुकला नव्हता. वीस हात कापडावर तो डोळ्यांनी मोजून अक्षरं बसवायचा. त्याने ‘सैखू’ काढलं, ठसठशीत, शेवटच्या फटकाऱ्याला मांगुराच्या मिशीसारखा वळसा देऊन. पुढे ‘मुलगा’ लिहिलं. मग स्वतःचं नाव घेतलं, आणि अर्ध्यातच वीट संपली. ‘कास्तो’ एवढंच मावलं. मग उरलेली अक्षरं त्याने विटेच्या कडेवरून वळवून आखूड बाजूला लिहिली.

स्टेशनावर गाडी लागली होती. खिडकीशी बसल्यावर फोन वाजला.

“झाड आहे का?” मुन्तामाने विचारलं.

“झाड नाही. पण सोबत आहे त्याला. भली माणसं आहेत.”

“नाव रंगवलंत?”

“रंगवलं.”

“आणि तुमचं?”

“घातलं.”

मग रडू आवरून तिने विचारलं, “नीट बसलं ना ओळीत?”

नखात गेलेला काळा रंग निघत नव्हता. तो दुसऱ्या नखाने खरवडत कास्तोलान म्हणाला, “बसलं.”