धडधाकट शेजारीण

भाईदास अहिरेला ते सत्तावीस प्रश्न इतके पाठ झाले होते, की झोपेतून उठवलं असतं तरी त्याने एका दमात म्हणून दाखवले असते. आणि तिथंच माशी शिंकली. पाठ झालेली गोष्ट माणूस विचारत नाही, नुसती म्हणतो.

हा धुळे तालुक्यातला आरोग्यसेवक. हिवतापाच्या गोळ्या वाटायच्या, बोटाला सुई टोचून रक्त घ्यायचं, विहिरीत पावडर टाकायची, हे त्याचं रोजचं काम. एक्क्याण्णव साली मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत स्वादुपिंडाच्या कॅन्सरने कोण कोण गेलं, त्याची त्यांना माहिती हवी होती. बायका किती, बाप्ये किती, वय काय, विडी ओढायचे का, दारू प्यायचे का, साखरेचा आजार होता का. भाईदासचं अक्षर मोत्यासारखं आणि सायकल धडकी, म्हणून धुळ्याकडची गावं त्याच्या गळ्यात पडली. स्वादुपिंड हा शब्द गावात कुणाच्या बापाने ऐकला नव्हता. "जठराच्या मागं, पाठीकडून असतं," असं तो सांगायचा आणि लोक आपापलं पोट चाचपून बघायचे.

कामाची रीत अशी होती. एका मेलेल्या माणसामागे दोन धडधाकट शेजारी शोधायचे, साधारण त्याच वयाचे, बाईला बाई आणि बाप्याला बाप्या. त्यांनाही तेच सत्तावीस प्रश्न. "मेलेले विडी ओढायचे एवढ्याने काय कळणार? जिवंत आहेत ते किती ओढतात, तेही कळायला हवं ना," बाई म्हणाल्या होत्या. भाईदासला हे फार पटलं होतं. पटलेलं आणि पाळलेलं यात मात्र कोसाचं अंतर असतं.

अकरावा प्रश्न तंबाखूचा. पहिल्याच आठवड्यात त्याने एका म्हाताऱ्याला सरळ विचारलं, "तुमच्या कारभारणीला तंबाखूचं व्यसन होतं का?" म्हातारा काठी घेऊनच उठला. "मेलेल्या बाईवर आळ घेतोस?" त्या दिवशी भाईदास सायकल दामटत गावाबाहेर आला आणि त्याने कानाला खडा लावला. त्यानंतर बाईचा फॉर्म असला, की उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधीच तो अकराव्यापुढे 'नाही' लिहून टाकायचा. आपल्याकडच्या बायका कुठं तंबाखू खातात, असं स्वतःलाच बजावायचा.

त्याच्याच गावात भिकुबाई म्हणून एक बाई या आजाराने गेली होती. तिच्यामागे एक शेजारीण मिळाली, दुसरी मिळेना. कागद धाडायची तारीख तोंडावर आलेली. भाईदासने मग घरच्या ओट्यावर बसून आपल्या थोरल्या बहिणीचा फॉर्म भरला. यशोदाबाई, वय चौपन्न, धंदा शेतमजुरी. अक्का समोरच मोरीपाशी दात घासत बसली होती. तिला काही विचारायची गरजच काय? तिच्याबद्दल त्याला ठाऊक नाही असं होतं काय? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी आली, आई गेल्यावर या धाकट्याला तिनेच वाढवलं. ती निंदणी-खुरपणी करत राहिली म्हणून हा मॅट्रिक झाला आणि सरकारी नोकरीला लागला. त्याने धडाधड सत्तावीस उत्तरं लिहिली आणि वर रकान्यात लिहिलं, 'धडधाकट'.

माघात अक्काच्या लघवीत साखर निघाली. भाईदासनेच तपासली, त्यानेच गोड बंद केलं. दोन महिन्यांत अक्काचा चेहरा उतरला, चोळीच्या बाह्या ढिल्या झाल्या. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, भाऊ डॉक्टरसारखा आहे हो, बहिणीला कशी हलकी केली. भाईदासला ते ऐकून बरं वाटायचं. आता याला काय म्हणावं! दिवसभर हा घरोघर ऐकत हिंडत होता, की आधी साखर निघाली, मग वाळली, मग पिवळी झाली आणि चार महिन्यांत गेली. तीन घरी ऐकलं, पाच घरी ऐकलं, स्वतःच्या हाताने लिहिलं. आणि घरी येऊन बहिणीच्या ताटातला गूळ तेवढा बाजूला ठेवत होता.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तो देवचंद पाटलाकडे गेला. देवचंदची आई द्रौपदाबाई दोन वर्षांमागे याच आजाराने गेलेली. दवाखान्याचा एक कागद बघायचा राहिला होता आणि देवचंद सणाशिवाय घरी सापडत नसे. घरात आगारीची तयारी चालली होती. अखाजीला पितरांच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकतात ती आगारी. भाईदासच्या घरी आता ही रीत नव्हती. तो दारापाशीच पोत्यावर बसला.

देवचंदची बायको प्रमिलाबाई हिने निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकला, आमरस टाकला, तूप सोडलं. मग कोनाड्यातून एक पत्र्याची डबी काढली आणि चिमूटभर काळपट भुकटी वर टाकली. निखारा चरचरला आणि घरभर विडीचा वास पसरला. अगदी बस स्टँडवर येतो तसा.

"हे काय टाकलं, वहिनी?" भाईदासने विचारलं.

"तपकीर शे, भाऊ. सासूबाईले जेवन नसलं तरी चाले, पन तपकीर लागेच. दिनमा पाच-सहा येळा दातले लावेत."

"मग तंबाखूचं विचारलं तेव्हा..."

"तुम्ही इचारंच कोठे?" प्रमिलाबाई म्हणाली. "आनि हाई काय तंबाखू शे? हाई ते दातसनी दवा."

भाईदास उठला. देवचंद कागद घेऊन आतून आला तोवर हा सायकलवर बसलासुद्धा होता. भर उन्हात नऊ मैल त्याने पायडल मारलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. मोरीपाशी बसलेली अक्का, तिचं हिरड्यांवर फिरणारं काळं बोट, आणि शेजारी उघडी डबी. ती डबी दर बाजारच्या दिवशी धुळ्याहून तोच आणत होता, पहिल्या पगारापासून. कधी विसरला नव्हता.

अक्का दारातच बसली होती, दोन्ही हातांनी पोटऱ्या खाजवत. त्याने तिला उजेडात ओढलं आणि डोळ्याची खालची पापणी उलटी केली. हळदीचं बोट फिरवल्यासारखं पिवळं.

"अक्का, पाठ दुखते का?"

"दुखस ना. पुढे वाकी बसनं की बरं वाटस," अक्का म्हणाली. "तुले सांगाले काय, तू दिनभर लोकसना दुखनामा."

आठ दिवसांत धुळ्याला सोनोग्राफी झाली. गाठ मोठी होती आणि यकृतापर्यंत गेली होती. ऑपरेशनचं कुणी नावही काढलं नाही. भाईदासने मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि एकच विचारलं, "तपकिरीनंच झालं का हो?"

बाई म्हणाल्या, "एका माणसाचं असं सांगता येत नाही, भाईदास. शेकडो माणसांचं मिळून काहीतरी सांगता येईल. तेही तुमचे कागद खरे असतील तर."

कागद खरे नव्हते. त्याने ते त्याच फोनवर सांगून टाकलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, कागद परत धाडते, पुन्हा जा. मग तो पुन्हा गेला, सगळ्या बायकांच्या घरी, मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्याही. या वेळी त्याने व्यसन हा शब्द उच्चारला नाही. "दात कशानं घासता?" एवढंच विचारलं. घरोघर कोनाड्यांतून डब्या निघाल्या. धडधाकट शेजारणींकडेही निघाल्या, आणि त्या सत्तरीच्या म्हाताऱ्या तोंडात बोट घालून त्याच्याकडे बघून हसत होत्या. अक्काच का, याचं उत्तर त्याला एकाही घरात मिळालं नाही.

अक्काचा फॉर्म त्याने शेवटी ठेवला. ती खाटेवर पुढे वाकून बसली होती, अंग कडुनिंबाच्या पिकल्या पानासारखं झालेलं. त्याने 'धडधाकट' खोडलं. मग एकेक प्रश्न विचारू लागला, जन्मात पहिल्यांदा. अकराव्यापाशी त्याने कागदावरचे शब्द सोडून दिले.

"तपकीर. कवयपासून?"

"तुले पहिला पगार भेटना तवयपासून रोज. त्याना आगोदर कवय मवय, कोनी दिधी ते." अक्काने दम खाल्ला. त्याचं पेन थांबलेलं तिने पाहिलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भाऊ वाचता येत होता. "कोन आनी दे, आसं इचारेल शे का त्याम्हा?"

"नही, अक्का. तसा प्रश्न नही."

"मंग बरं शे," ती म्हणाली. "पुढलं इचार."

त्याने बारावा प्रश्न विचारला.