भिंतीपलीकडची खाट

धाकट्या भावाने मला एकच काम सांगितलं होतं: ठेकेदाराच्या कागदावर सही कर. घर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर, त्यामुळे माझ्या सहीशिवाय त्याला वीटही हलवता येत नव्हती. नवं घर बांधायची भलतीच घाई. ठेकेदार दोन दिवसांत सगळं सपाट करून देणार म्हणे, जणू टेबल पुसायचं होतं!

मी सही केली नाही. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकांची खाट आहे. तीन वर्षं काका अर्धांगवायूने पडून आहेत आणि काकू एकट्या त्यांना कुशीवर वळवतात. भिंत दोन्ही घरांची सामाईक. म्हटलं, हा दोन दिवसवाला आहे तरी कोण ते बघू.

त्याने आधी पाडलेल्या एखाद्या घराचा पत्ता मी मागितला, तर चार दिवस नुसती टोलवाटोलवी. शेवटी मिळाला. तिथे मी मालकाला भेटलेच नाही, शेजारणीला भेटले. पाडकामवाल्याची खरी परीक्षा शेजाऱ्याच्या घरात होते. त्या बाईंनी कपाट सरकवलं. मागे हात जाईल एवढी भेग होती. मशीनच्या दणक्याने पडलेली, आणि ठेकेदार म्हणे, जुनीच असणार. माझं डोकंच फिरलं.

मग मीच दुसरे ठेकेदार शोधायला लागले. दुसऱ्याने जागा न बघता फोनवरच तारीख दिली. त्याला चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला.

तिसरे, सगळे ज्यांना मिस्त्रीबाबा म्हणतात ते, आमच्या घरात शिरलेच नाहीत. आधी काकूंचं दार वाजवलं. त्यांना विचारून स्टुलावर चढले, छताखालचा गिलावा खिळ्याने खरवडला आणि खाली उतरून मला बाहेर घेऊन आले. काकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"यांच्या छताच्या पाच तुळया या भिंतीवर टेकल्यात. भिंत गेली की छत थेट खाटेवर येईल," ते म्हणाले.

उपायही त्यांनीच सांगितला. ही भिंत तशीच ठेवायची, बाकीचं घर वरून खाली हाताने उतरवायचं. महिना लागेल. मग जरा अवघडून म्हणाले, "मी इथे आधी येऊन गेलोय, ताई. तुमच्या भावाला म्हटलं होतं, पलीकडून तुळया तपासू द्या. ते म्हणाले, गरज नाही."

आपला भाऊ घाईखोर आहे, एवढंच मी समजत होते.

तिथूनच त्याला फोन लावला. त्याने नाकारलंही नाही. त्या दोन दिवसांपुरतं काकांना पुढच्या खोलीत हलवायला सांगू, म्हणाला. आणि नंतर? छताशिवाय कुठे झोपवायचं त्यांना, मी विचारलं. महिनाभर थांबणं परवडत नाही, एवढंच तो म्हणाला. माझ्या सहीवाचूनही मशीन येऊ शकतं, हेही ऐकवून झालं.

"आण मशीन," मी म्हटलं. "त्या दिवशी मी काकांच्या खाटेवर बसलेली असेन."

त्याचा आवाज एकदम उतरला.

"असं काय करतेस, ताई? तुला काही झालं तर?"