गाडीतला उंच माणूस

"सरकली रे. परत सरकली."

पोलादपूरच्या वरच्या वाडीत रावजीच्या अंगणात सकाळीच जत्रा भरली होती. लग्न रावजीच्या नातीचं, सारिकाचं. पण नवरीकडे बघायला कोणाला सवड नव्हती. आचारी भात चुलीवर सोडून आला होता, वाजंत्र्यांनी ढोल खाली ठेवले होते आणि सगळे मिळून झेंडूच्या माळा घातलेल्या एका पांढऱ्या परदेशी गाडीकडे बघत होते. नवरीला महाडच्या कार्यालयात न्यायला आलेली ही गाडी. तिचं ड्रायव्हरकडचं दार उघडं होतं, आत चिटपाखरू नव्हतं, आणि तरी ड्रायव्हरची सीट घूं घूं करत आपली आपण मागे गेली होती. लांब तंगड्यांचा माणूस बसण्याआधी जागा करून घेतो, अगदी तशी.

"कोणी पुढं यायचं नाय," हैबती भगत म्हणाला. "तो बसतोय."

हैबती आला होता नवरीची दृष्ट काढायला. पण एवढी मोठी गाडी आयती समोर आल्यावर नारळावर कोण भागवतो? त्याने गाडी चालवणाऱ्या बाईला चावी काढून दार उघडायला लावलं, परत लावायला लावलं, परत उघडायला लावलं. सीट दरवेळी सरकली. मग त्याने डोळे मिटले, मान घुमवली आणि निकाल दिला. अपघातात मेलेला माणूस हाय. उंच हाय. आणि आपल्या जागेवर बाईमाणूस बसतं म्हणून त्याचं डोकं फिरलंय.

ते बाईमाणूस गाडीला टेकून उभं होतं. हफिजा, महाडच्या मुरादची बायको. तिच्या हातात चावी होती आणि कपाळाला आठी.

आखातात ऐन उमेदीची वर्षं घालवून आल्यावर मुरादने ही गाडी मुंबईत जुनी म्हणूनच घेतली होती, वराती करायला. मोहल्ल्यातला निकाह असो की वाडीवरचं लग्न, पंचक्रोशीत सगळ्यांना तीच हवी असायची. मग पूर आला. माळ्यावर सामान चढवताना मुराद शिडीवरून पडला आणि त्याचं कंबरेचं हाड मोडलं. त्याच पुराचं पाणी गाडीत शिरलं आणि ड्रायव्हरची विजेवर सरकणारी सीट कायमची गेली. हाड जुळलं, पण मुरादला बसून गाडी हाकवेना. तेव्हा हफिजाने लायसन काढलं. "बाई वरात नेणार?" असं विचारणारे विचारून थकले आणि शेवटी त्यांनीच आपल्या पोरींच्या लग्नाला तिला बोलावलं. आता घर त्या गाडीवर चालत होतं. गाडीला भूत लागल्याची बोंब झाली की तिच्या दारात कोणी फिरकणार नाही, हे तिला सांगायला भगत नको होता.

नवी सीट मिळेना म्हणून मुंबईच्या भंगारबाजारातून तसल्याच एका मोडक्या गाडीची आणली होती. अर्शद वायरमनने ती बसवली आणि चहाच्या टपरीवर बोलून गेला, की ही अपघातातल्या गाडीची आहे. बोलला तो एवढंच. पण महाडहून पोलादपूरला पोचेपर्यंत त्या सीटवर एक मेलेला माणूस येऊन बसला होता.

खोटं कशाला बोला, पहिल्या दिवशी सीट मागे गेली तेव्हा हफिजाही घाबरून ओट्यावर चढली होती. पण बाई हट्टी. कालवण बिघडलं तर ती मीठ, मिरची, आंबट सगळं एकदम टाकत नाही. एक टाकते आणि चाखते. गाडीलाही ती तशीच भिडली. चावी आत ठेवून दार उघडलं, सीट ढिम्म. चावी काढून दार बंद ठेवलं, ढिम्म. चावी काढून दार उघडलं, सरकली. चावी पुन्हा घातली की सीट पुढे यायची, पण तिचे पाय पोचतील इतकी नाही. उरलेलं अंतर तिला बटण दाबून आणावं लागायचं. सीट कधी सरकते ते तिला कळलं होतं. दरवेळी तेवढ्यावरच का थांबते ते कळलं नव्हतं. अर्शदला विचारलं तर तो म्हणाला, "भाभी, जुनी चीज आहे, तिला तिची सवय असते."

इकडे भगताने लिंबू मागितलं. कमरेची सुरी काढून त्याने ते गाडीच्या तोंडाशी कापलं, आणि लिंबाच्या दोन्ही फोडी लालभडक झाल्या. बायका मागे हटल्या. कोणीतरी पोराचे डोळे झाकले.

"बघा. रक्त मागतोय," हैबती म्हणाला. "गाडी अवसेपर्यंत माझ्या देवाच्या ठाण्यावर ऱ्हाईल. नवरी जीपमधून जाईल. आणि ही बाई परत त्या जागेवर बसली, तर नवरीची कूस उजवायची नाय."

रावजीचा चेहरा उतरला. त्याने हफिजासमोर हात जोडले. "भाभी, तुमचं वाईट चिंतत नाय आमी. पण पोरीचा दिस हाय. चावी द्या भगताला."

"चावी भगताच्या हातात जाणार नाही, रावजीकाका," हफिजा म्हणाली. मग ती हैबतीकडे वळली. "भगत, तो माणूस तुमचं ऐकतो ना?"

"माझं नाय ऐकणार तर कुणाचं?"

"मग त्याला पुढे आणा. दार उघडं आहे. मी इथे लांब उभी राहते, चावीसकट."

हैबतीने तांदूळ फेकले, कवड्या वाजवल्या, सीटला आईबहिणीवरून दरडावलं. सीट ढिम्म. शेवटी तो म्हणाला, "त्याला गर्दी सोसत नाय."

"गर्दी तर मघाशीही होती." हफिजाने चावी रावजीच्या हातात दिली. "काका, तुम्ही घाला. आणि फिरवा."

रावजीने विंचवाच्या बिळात हात घालावा तशी चावी घातली आणि फिरवली. सीट घूं घूं करत पुढे आली.

"कोणता मंत्र म्हणालात?"

"मंत्र कुठला गो बाय. मी मनात रामाचं नाव घेतलं."

"आता न घेता करा."

रावजीने चावी काढली, दार लावलं, उघडलं. सीट मागे गेली. चावी घातली, पुढे आली. मग म्हाताऱ्याचा हातच थांबेना. मागे, पुढे, मागे, पुढे. घोळक्यात कोणीतरी फिसकन हसलं आणि त्या हसण्याने हैबतीचा अर्धा धंदा बसला.

"यंत्रात शिरलाय तो," हैबती ओरडला. "यंत्राच्या पोटात."

हफिजाने स्टिअरिंगखालचं एक झाकण उघडलं आणि बोटाच्या पेराएवढा फ्यूज काढून तळहातावर ठेवला. "काका, आता करा." सीट हलली नाही. "भगत, फ्यूज काढल्यावर तुमचं भूत मरतं. आमच्या घरचा पंखापण असाच मरतो."

"आणि रक्त?" गर्दीतल्या म्हाताऱ्या जानकीबाईने विचारलं. "लिंबातनं रक्त आलं ते आमी डोळ्यांनी बघितलं."

प्रश्न रास्त होता. हफिजाला उत्तर येत नव्हतं आणि तिने ते आल्याचा आवही आणला नाही. उत्तर घेऊन आली ती नवरी. हळदीच्या अंगाने, मुंडावळ्या बाजूला सारत सारिका माजघरातून बाहेर आली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये ती नोकरीला होती.

"भगत, सुरी द्या जरा."

"बायकांनी हात लावायचा नाय सुरीला."

"घरात रोज विळीवर बसते ती कोण?" म्हणत तिने सुरी उचललीसुद्धा. पात्यावर नारिंगी पुटं दिसत होती. तिने आधी दुसरं लिंबू घरच्या विळीवर चिरून दाखवलं. पांढरं निघालं. मग आचाऱ्याच्या टोपलीतली एक कैरी घेऊन भगताच्या सुरीने कापली. कैरी लाल झाली.

"आजी, या कैरीचं कोण मेलं होतं?" तिने विचारलं. "हे रसायन मी लॅबमध्ये रोज वापरते. आंबट लागलं की लाल होतं. पात्याला लावून वाळवलंय, बस."

जानकीबाईने कैरीची फोड हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि मग भगताकडे बघितलं. ते बघणं चांगलं नव्हतं.

हैबतीने शेवटचा फासा टाकला. "जा मग. पण वाडीच्या उतारावर ब्रेक लागायचा नाय, लिहून घ्या."

हफिजा त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. असल्या उतारांवर गाडी हाकूनच ती घर चालवत होती, आणि त्यांचीच भीती हा माणूस तिला विकत होता. "या उतारावरून मी याच गाडीने वर आले. आता नवरीला घेऊन खाली जाणार आहे. तुमचा शब्द खरा असेल तर बसा माझ्या शेजारी."

"मला खालच्या वाडीत काम हाय," हैबती म्हणाला आणि नारळ न घेताच निघाला.

सारिका गाडीत वाकून बघत होती. "भाभी, सीटच्या कडेला ही एक, दोन, तीन आणि एम बटणं कसली?"

"जुन्या सीटला नव्हती. एम दाबून बघितला, काही झालं नाही."

"कॅल्क्युलेटरवर एम असतो, लक्षात ठेवायला."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हफिजाने फ्यूज परत बसवला, सीट आपल्या पायांच्या मापाला आणली, एम दाबला, मग एक दाबला. चावी काढली, दार उघडलं; उतरायला जागा करून द्यावी तशी सीट मागे गेली. चावी घातली. सीट पुढे आली, आधी थांबायची ती जागा ओलांडून आली आणि हफिजाचे पाय जिथे पोचतात तिथेच थांबली.

"उंच माणूस होता हे खरं," ती लोकांना म्हणाली. "या सीटखाली एक डबी आहे, ती उतरणाऱ्याला जागा करून देते, आणि तिने त्याचं माप ठेवलं होतं. शिंप्याकडे गिऱ्हाइकाचं माप राहतं, गिऱ्हाईक गेलं तरी. त्याला कोणी भूत म्हणत नाही. तो मेला असेल तर अल्ला त्याला जागा देवो, जिवंत असेल तर आयुष्य देवो. या सीटवर मात्र मी बसते."

हैबतीला कोणी अडाणी समजू नये. चावी आणि दार यांचा मेळ त्या अंगणात सगळ्यांत आधी त्याच्याच ध्यानात आला होता. त्याने नीट बघितलं आणि बाकीच्यांना डोळे मिटायला लावले. बुवाबाजी म्हणतात ती याहून वेगळी नसते. आणि तिच्यावरचा उतारा कोणत्याही ठाण्यावर मिळत नाही. डोळे उघडे ठेवायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं, एवढाच तो आहे.

उतारावर रावजी मागच्या सीटवर पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसला होता. पहिल्या वळणावर गाडी मंदावली तेव्हा त्याने सुस्कारा सोडला. "लागला गो ब्रेक."

"लागणारच, काका."

महाडला कार्यालयासमोर गाडी थांबली. हफिजा उतरली, आणि तिच्यामागे सीट घूं घूं करत मागे गेली. नवऱ्याकडची मंडळी थबकली. एका म्हाताऱ्याचे हात आपोआप जुळायला लागले.

"हात जोडू नका, पावणं," रावजी दार उघडून खाली उतरत म्हणाला. "आधी बघा चावी कुणाच्या हातात हाय."

सगळ्यांनी बघितलं. चावी हफिजाच्या हातात होती.