एक अधिक अक्षर

चाळीस वर्षे मुद्रितशोधन केल्यामुळे कचेरीत त्यांना सारे ‘खोडरबर’ म्हणत, आणि ते नाव त्यांनी पदवीसारखे मिरवले. निवृत्तीनंतर त्यांनी विणकर, कुंभार, नावाडी यांच्या तोंडचे, कोणत्याही कोशात नसलेले अकरा हजार शब्द वेचले. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आता हयात नव्हते. हा संग्रह एका संस्थेच्या दूरस्थ संगणकावर होता. दुसरी प्रत नव्हती. संस्था मिटली होती आणि सायंकाळी पाचला तो संगणक पुसला जाणार होता.

सकाळपासून ते संग्रह उतरवून घेत होते. पण जोडणी वारंवार तुटे. भाचीने फोनवरून उपाय सांगितला.

“मामा, संस्थेच्या मशीनवरच्या कॉन्फिग फाइलीत, म्हणजे नियम लिहिलेल्या फाइलीत, मी पाठवलेली ओळ घाला आणि तेच मशीन बंद करून चालू करा. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही हं! तुमच्या हाताला फार खाज.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

फाइली दोन निघाल्या : ‘एसएसएच_कॉन्फिग’ आणि ‘एसएसएचडी_कॉन्फिग’. त्यांची मुरलेली नजर त्या ‘डी’वर खिळली. कुणा अक्षरजुळणी करणाऱ्याच्या हातून एक अक्षर अधिक पडले, पुढे शुद्ध प्रत झाली आणि अशुद्ध तशीच राहिली, हे उघड होते. शुद्ध प्रतीत त्यांनी ओळ घातली. अशुद्ध प्रत प्रसन्न चित्ताने काढून टाकली. संगणक पुन्हा चालू केला.

जोडणी झालीच नाही. त्यांनी केलेले सारे भाचीला फोनवर सांगितले.

“मामा,” भाचीचा आवाज खोल गेला, “तो डी चूक नव्हता. येणाऱ्याला दार उघडणारा जो प्रोग्राम, त्याची ती फाइल. तिच्याविना तो उठतच नाही.”

“मग असे नाव ठेवावे? जुळ्यांनासुद्धा आई वेगळी हाक मारते!”

“ठेवणाऱ्यांना कळत होतं. तेवढं पुरलं त्यांना.”

“तिथल्या कुणाला तरी सांग, बाळ.”

“कळवलं. तीन दिवसांत उत्तर देऊ, असं ठरीव पत्र आलंय.”

“उतरले किती?” तिनेच पुढे विचारले.

“‘अ’सुद्धा पुरता नाही.”

पाच वाजून गेले. त्यांनी कोरा कागद ओढला आणि स्मरणातून लिहू लागले. सातवा शब्द उमटला, अर्थ आठवेना. तो सांगणारी विणकरीण गेली, त्याला सहा वर्षे झाली होती. शब्दापुढची जागा मोकळी सोडून त्यांनी आठवा शब्द लिहिला, आणि त्याच्यापुढेही लेखणी थांबली.