बारा नंबरची खुंटी

प्रयोगशाळेचा पांढरा कोट अंगात घालतानाच तिला वाटलं होतं, हे काही खरं नाही. पण आईपुढं कोणाचं चाललंय? आईनं तो दोन दिवस भिजत घातला, धुण्याच्या पावडरीत वर पांढरं करायची पावडर मूठभर टाकली, आणि इस्त्री अशी कडक केली की कोट जमिनीवर ठेवला असता तर आपल्या पायांवर उभा राहिला असता.

"आज तरी माणसात दिसशील," आई म्हणाली. "रोज मेला तो बापाचा शर्ट!"

बाप शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण त्याचा मातकट रंगाचा कामाचा शर्ट अजून धडधाकट होता. लेकीनं कोटाच्या आत गुपचूप तोच चढवला. माया बाजूला ठेवा. त्याच्या खिशात स्क्रू फिरवायच्या किल्ल्या बरोबर मावायच्या, आणि आज किल्ल्यांशिवाय जाणं म्हणजे लढाईला तलवार घरी ठेवून जाणं.

कारण आज निकाल होता. संशोधन संस्थेत तिला सगळे 'पाना' म्हणायचे. नोकरीवर घेतलं होतं बाटल्या धुवायला. पण कोठारात नऊ खोकी धूळ खात पडली होती, एका स्वयंचलित सूक्ष्मदर्शकाचे सुटे भाग. ज्यानं मागवले तो नोकरी सोडून गेला, आणि जोडायचं कसं हे कोणाला ठाऊक नव्हतं. पेशींवर काम करणाऱ्या डॉक्टरबाईंनी एकदा सहज म्हटलं, "कोणी हे उभं करून दिलं तर मी त्याचे पाय धरीन." पानानं भोकांचा लोखंडी पाट मांडला, त्यावर खांब, खांबावर भिंग, खाली कॅमेरा, बाजूला चार रंगांचे दिवे आणि मोटारीवर सरकणारी चौकट बसवली. सात महिने लागले. पहिल्यांदा जांभळ्या दिव्याखाली, रंग लावलेल्या पेशींची केंद्रं अंधारात निळी लखलखली तेव्हा डॉक्टरबाईंनी खरंच वाकायचा आव आणला, आणि पाना लाजून बाटल्या धुवायला पळाली.

साहेबांना मात्र ते बघवेना. साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. बाटल्या धुणारीनं जोडलेलं यंत्र पाहुण्यांना दाखवायचं कसं? त्यांनी फर्मान काढलं: शहाण्णव वाट्यांची एक ताटली यंत्रानं एकट्यानं तपासायची, प्रत्येक वाटीतल्या पेशी मोजायच्या. आकडा डॉक्टरबाईंच्या हातानं मोजलेल्या आकड्याशी जुळला, तर यंत्र बारा नंबरच्या खोलीत राहील आणि ते सांभाळायचं काम पानाचं. नाही जुळला, तर भाग परत खोक्यात आणि पाना परत मोरीत. "आणि हो," ते म्हणाले, "त्या दिवशी कोट घालून या. मिस्त्रीसारखं नको."

म्हणून तो कोट.

दहा वाजता खोली भरली. साहेब, डॉक्टरबाई आणि यंत्रांच्या कंपनीचा एक विक्रेता. तो तयार बंद यंत्र विकायला आला होता. "आमच्या मशीनला कोणी हातच लावू शकत नाही," तो अभिमानानं सांगत होता. पाना मनात म्हणाली, हात लावता येत नाही ते यंत्र कसलं, ती तर तिजोरी.

तिनं ताटली चौकटीत ठेवली, झाकण काढलं, आणि नेहमीच्या सवयीनं ताटलीवर ओणवी होऊन चारही कोपरे बोटांनी दाबून पाहिले. ताटली केसभर जरी तिरकी बसली तरी भिंगाला स्पष्ट दिसत नाही, आणि झाकण असलं की कोपरे नीट दाबले जात नाहीत. मग झाकण लावलं, खोली अंधारी केली, कळ दाबली. चौकट सरकू लागली. टक्, थांबली. टक्, थांबली.

पहिली वाटी बरोबर आली. दुसरीत पडद्यावर निळ्या ठिपक्यांच्या मधून एक निळा लखलखता दोरा पसरलेला. तिसरीत दोन दोरे. सातव्या वाटीत तर मेलं जाळंच होतं. संगणक बिचारा दोऱ्यांनाही पेशी समजून मोजत सुटला. डॉक्टरबाईंच्या कागदावर चारशे, पडद्यावर अकराशे.

"झालं?" साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि सुटल्याचं समाधान जास्त होतं. "मी म्हणत होतोच. घरगुती काम ते घरगुती काम."

विक्रेता गोड हसला. "भिंगात धूळ गेली असणार. उघड्या यंत्राचं असंच असतं."

सात महिने, आणि शेवटी हे! पानाचे डोळे भरून आले, तशी ती स्वतःवरच चिडली. रडायला मोरी आहे की, तिथं गेल्यावर रड हवं तेवढं.

"धूळ भिंगात नाही," ती म्हणाली.

"अहो बाई, डोळ्यांना दिसतंय," साहेब म्हणाले.

"म्हणूनच सांगते, साहेब. भिंगात किंवा कॅमेऱ्यात असती, तर प्रत्येक फोटोत एकाच जागी दिसली असती. इथं दर वाटीत दोरा वेगळा आहे. म्हणजे वरून पडलाय, वाटीत. आणि फक्त निळ्यात आहे. हे बघा, हिरव्या दिव्याखाली तीच वाटी कोरी." तिनं दाखवलं. खरंच कोरी होती.

"असेल. पण संधी एकदाच द्यायची ठरली होती."

"ठरली होती यंत्राला. यंत्रानं काही चुकवलेलं नाही. जे होतं ते दाखवलं. खरं दाखवलं म्हणून त्याला खोक्यात घालणार?"

संस्थेत साहेबांशी असं कोणी बोलत नसे. डॉक्टरबाई खाली बघून ओठ चावत होत्या, हसू दाबायला. मग त्या हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे दुसरी ताटली तयार आहे. मी नेहमी दोन करते."

"पाच मिनिटं," पाना म्हणाली, आणि परवानगीची वाट न बघता कोटाची बटणं सोडून आतल्या खिशातून किल्ली काढली. दिव्याच्या डब्याचे चार स्क्रू सोडले. विक्रेता ओरडला, "अहो, उघडता काय? सगळी जुळणी जाईल!"

"खुणेच्या खुंट्या मारल्यात. जिथून काढला तिथंच बसतो. तुमच्या तिजोरीला नसतील." जांभळा दिवा तिच्या हातात आला. "दिव्याकडे कोणी बघू नका. खाली बघा."

तिनं प्रकाश टेबलावर टाकला. काही नाही. चौकटीवर टाकला. काही नाही. मग स्वतःच्या बाहीवर टाकला.

कोट पेटल्यासारखा निळा झाला. बाही, कॉलर, खिसा, सगळं निळं जळत होतं. आणि बाहीच्या काठावर बारीक बारीक तंतू सुटले होते, नवे, इस्त्रीनं ताठ झालेले, एकेक तंतू तसाच लखलखता. कोपरे दाबताना ती ज्या ताटलीवर ओणवी झाली होती, तिच्यात तेच बरसले होते.

"पांढरं करायची पावडर! जांभळ्या उजेडात तीच निळी चमकते," ती पुटपुटली. क्षणभर तिला आईच्या भिजून सुरकुतलेल्या हातांची आठवण झाली. दोन दिवस!

"काय हे!" साहेबांना आता धरायला काहीतरी सापडलं होतं. "प्रयोगशाळेचा कोट कोणी धुतला असा? कोणाचा निष्काळजीपणा हा?"

तिनं दिवा त्यांच्या बाहीवर वळवला. साहेबांचा कोटही निळा पेटला, तिच्याहून दीडपट. ते दचकून मागे सरले.

"धुणाऱ्याचा काही दोष नाही," पाना म्हणाली. "ज्यानं धुतला त्यानं जीव ओतून धुतला. सात महिने मी या खोलीत या शर्टात काम केलं, एक दोरा आला नाही. कोट घालायला तुम्ही सांगितलंत. चूक शोधायची असेल तर तिथं शोधा."

तिनं कोट काढला, त्याची नीट घडी घातली आणि दाराबाहेर नेऊन ठेवला. आत आली ती बापाच्या मातकट शर्टात. कोपरावर ठिगळ, खिशावर तेलाचा जुना डाग. शर्टावर दिवा टाकला. शर्ट काळाच राहिला. पांढरं करायची पावडर त्याच्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

"आता ज्यांना थांबायचंय त्यांनी कोट बाहेर ठेवा," ती म्हणाली. "ज्यांना ठेवायचा नाही त्यांनीही बाहेर थांबा."

डॉक्टरबाईंनी लगेच कोट काढला. विक्रेत्यानं आपण नुसते बघे असल्यासारखं करत स्वतःहूनच दार गाठलं. साहेब जागेवरच उभे राहिले. पाना दिवा परत बसवत होती, चार स्क्रू, चार खुंट्या. त्यांच्याकडे बघायलाही तिला वेळ नव्हता. शेवटी खाकरून त्यांनी बटणं सोडली. आतल्या सदऱ्याची एक शिवण उसवली होती. ती झाकायला ते हाताची घडी घालून उभे राहिले.

दुसरी ताटली. झाकण काढलं, चार कोपरे दाबले, झाकण लावलं. अंधार. टक्, थांबली. टक्, थांबली. एकेका वाटीत निळे ठिपके, स्वच्छ, मोजून घ्यावेत असे. शहाण्णवाव्या वाटीला डॉक्टरबाईंनी कागद पडद्याजवळ धरला आणि आकडे वाचून दाखवले. जुळले. थोडा इकडेतिकडे फरक होता, तो डॉक्टरबाई म्हणाल्या माझ्या डोळ्यांचा.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "यंत्र राहू दे. तुम्हीही. पण पाहुणे येतील तेव्हा कोट मात्र…"

"कोट बाहेर, साहेब."

तिनं खिशातून सुट्या भागांतली उरलेली एक खुंटी काढली, दाराबाहेरच्या लाकडी पट्टीत दोन स्क्रूंनी आवळून बसवली, आणि हलवून पाहिली. घट्ट होती. आईनं धुतलेला कोट आधी टांगला, इस्त्री मोडू न देता. मग साहेबांपुढं हात केला. साहेबांनी आपला कोट तिच्या हातात दिला.