बिया, नग अकरा

रोपवालीच्या नवऱ्याने सव्वीस वर्षांत घरातली इकडची काडी तिकडे केली नव्हती, आणि केली ती नेमकी नको तेव्हा! त्याचं कौतुक करायला हवं, असं त्याच्या बहिणीचं म्हणणं. करा बाई, तुम्हीच करा.

रोपवाली म्हणजे रोपवाटिकेत दुर्मिळ फळझाडं बियांपासून वाढवणारी बाई. तिच्या माहेरच्या अंगणात वडिलांनी लावलेलं मँगोस्टीनचं झाड होतं. जाड जांभळी साल, आत पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, आणि एखाददुसऱ्या पाकळीतच लावण्याजोगं बी. वडील गेले आणि धाकट्या भावाने गाडीच्या शेडसाठी झाड तोडलं. बहिणीला कळवलं ते तोडून झाल्यावर. "शेवटची फळं ठेवलीत तुझ्यासाठी," असं वर ऐकवलं, जणू उपकारच केले. तिने फळांची पिशवी उचलली आणि ती तडक घरी आली.

धड बिया निघाल्या अकरा. या झाडाचं एक बरं असतं, बी लावलं की हुबेहूब तेच झाड येतं. म्हणजे वडिलांचंच झाड परत उभं राहिलं असतं, दहा वर्षं लागली तरी चाललं असतं. फक्त हे बी कोरडं पडलं की मेलं. म्हणून तिने अकराही बिया नारळाच्या ओल्या भुशात, झाकणाच्या डब्यात ठेवल्या. तेवढ्यात रोपवाटिकेने तिला तीन दिवसांसाठी परगावच्या प्रदर्शनाला धाडलं. निघताना तिने नवऱ्याला बजावलं, "त्या डब्याला हात लावू नका. ओलं राहायला हवं ते." पेपरातून डोकं वर न काढता तो "हूं" म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी!

ती परत आली तर स्वारी दारातच उभी, चेहरा फुललेला. जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला माणूस, ओल म्हणजे त्याची वैरीण.

"अगं, डबा उघडला तर आत सगळं ओलंगिच्च! बुरशी आली असती. मी धुऊन, पुसून, दोन दिवस कडक उन्हात वाळवल्या. हे बघ."

त्याने काचेची बरणी पुढे केली. वर सुबक अक्षरात चिठ्ठी, 'बिया, नग अकरा'. खाली तारीख.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने एक बी काढून सुरीने कापलं. आतून तपकिरी, टणक. दुसरं कापलं, तेही तसंच.

"अगं अगं, कापतेस काय!" तो म्हणाला.

"कसल्या बिया आहेत या?"

"म्हणजे?"

"कसल्या? नाव सांगा."

त्याने बरणी फिरवली, चिठ्ठी वाचली. "फळाच्या," तो म्हणाला.

आवाज ऐकून शेजारची नणंद धावत आली. सगळं ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढ्याशा बियांवरून घर डोक्यावर घ्यायचं? त्याने मायेनेच केलं ना!"

"माया असती तर कान उघडे असते, वन्सं! रोज जेवताना मी यांना काय सांगते? कुठलं बी किती दिवसांत रुजलं, कुठलं मेलं. सव्वीस वर्षं! भिंतीला सांगितलं असतं तर तिलाही पालवी फुटली असती."

नणंद पुटपुटत गेली. नवरा मात्र तिथेच उभा राहिला, बरणीचं झाकण लावत आणि काढत.

उरलेल्या नऊ बिया फेकायचा तिला धीर होईना. तिने त्या मातीच्या पिशव्यांत लावल्या आणि गच्चीवर सावलीत ठेवल्या. काही येणार नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दुसऱ्या दिवसापासून नवरा न सांगता झारी घेऊन वर जाऊ लागला. तिने अडवलं नाही. अडवलं असतं तर भांडणच झालं असतं.

महिना उलटला. एका सकाळी ती वर गेली, तर तो पिशव्यांपुढे उकिडवा बसलेला.

"मँगोस्टीनला रुजायला किती दिवस लागतात गं?" त्याने विचारलं.

नाव अगदी बरोबर घेतलं. सव्वीस वर्षांत तिच्या कामाबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. तिला बरं वाटायला हवं होतं. उलट संतापच आला. हेच आधी विचारलं असतं तर! एकदा, नुसतं एकदा!

"जिवंत बी असेल तर एवढे दिवस पुरतात," ती म्हणाली.

"आणि या?"

"या मेल्यात. तुम्ही मारल्यात. माझ्या वडिलांचं झाड होतं ते, आता कुठेच नाही."

तो उठला नाही. झारीतलं पाणी त्याच्या चपलेवर सांडत होतं, त्याचंही त्याला भान नव्हतं. तो म्हणाला, "चुकलंच माझं."

अशा वेळी ती 'असू दे' म्हणायची. लग्नापासून म्हणत आली होती. आज म्हणाली नाही.