लकवा नव्हता

"लकवाच आहे," असं आमची आई, गयाबाई, सगळ्या बुवापाड्याला सांगत सुटली होती. माझ्या भावाचा, महेंद्रचा, डावा हात लुळा पडला, तोंडातून शब्द धड फुटेना, तर हिनं पालेगावच्या एका म्हाताऱ्याकडून पारव्याचं रक्त आणून चोळलं. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आमचं, आणि पारव्याचं रक्त! मी कडाडले, "आई, अक्कल गहाण टाकलीस का गं?" भावजय प्रीती मात्र मान खाली घालून त्याचा हात पुसत राहिली. मला तिचाही रागच आला.

ताप चढला, फिट आली, तेव्हा मीच रिक्षा बोलावून त्याला उल्हासनगरला नेलं. दोघी सोबत होत्याच. सीटी स्कॅनचा फोटो उजेडासमोर धरून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मेंदूत गाठी आहेत. अशा गाठी टीबीच्या असतात, तशा एका बारीक परजीवीच्याही. तो पुष्कळांच्या अंगात निपचित पडून असतो. प्रतिकारशक्ती ढासळली की डोकं वर काढतो. दोन्हींची औषधं वेगळी. खरं सांगा, याला दुसरा काही आजार आहे?"

प्रीती पदर पिळत होती, आई भिंतीकडे बघत होती.

"अहो, जीव जाईल त्याचा!" मॅडमनी आवाज चढवला.

"एचआयव्ही आहे," आई म्हणाली. "त्यानं मला सांगितलं होतं. हिला कळू नये म्हणून मी लकवा लकवा करत होते. पोरगी सोडून गेली असती."

प्रीती रडायलाच लागली. "आई, मला ठाऊक होतं. तुम्ही हाय खाल म्हणून गप्प राहिले. मलाही आहे."

एका खोलीत राहून दोघी एकमेकींना जपत होत्या आणि इकडे माझा भाऊ मरायला टेकला होता!

रक्त तपासून मॅडमनी परजीवीवरच्या गोळ्या सुरू केल्या. "उतार पडला तर तोच समजायचा. नाही पडला तर टीबीकडे वळू." आम्ही त्याच्या बोटांकडे बघत बसलो.

दुसऱ्या आठवड्यात महेंद्रनं डाव्या हातानं चादर ओढली. मी ओरडलेच, "हलला गं हात!" प्रीती धावली, तर आईनं तिचा दंड धरला.

"तो उठेल आता. चल, आधी तुझी तपासणी करू. सरकारी दवाखान्यात या आजाराच्या गोळ्या फुकट मिळतात म्हणे. तुला मी असं पडू देणार नाही."